झोपायला जागा सहा हव्यात, पण बेल्ट चारच आहेत

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई एकसष्ट वर्षांच्या आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेतलं. वर्षाकाठी साधारण तीन महिने दोघं त्यातून फिरतात. गाडीत मागे कायमचा डबल पलंग आहे. मधे समोरासमोर दोन बाकं आणि टेबल अशी बैठक आहे, टेबल खाली घेतलं की तिथे दुसरा डबल बिछाना होतो. बेल्ट असलेल्या सीटा चार. यंदा सुट्टीत मुलगा, सून, आठ वर्षांचा नातू आणि तीन वर्षांची नात असे चौघं तीन आठवडे सोबत येणार आहेत. यजमानांनी तीन उपाय काढलेत: मागचा पलंग काढून तिथे वर-खाली बर्थ बांधायचे, किंवा बैठकीवर छतातून खाली उतरणारा पलंग बसवायचा, किंवा टपावर तंबू लावायचा. ताईंना पाठीचं दुखणं आहे. त्या लिहितात, "मागचा पलंग गेला तर बाकीचे दिवस मी कुठे पाठ टेकू? पण नको म्हटलं तर नातवंडं नकोशी झाली असा अर्थ निघेल. मला सगळे एका छताखाली हवेत आणि माझा पलंगही हवा. हा स्वार्थ झाला का?" गाडीचं कमाल वजन ३५०० किलो आणि कागदावरचं वजन ३०८० किलो असल्याचं त्यांनी कळवलं आहे. मागच्या बाजूला दोन इलेक्ट्रिक सायकली टांगलेल्या असतात, हेही.

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. नाही, हा स्वार्थ नाही. ज्या पलंगावर वर्षातल्या नव्वद रात्री काढायच्या तो एकवीस रात्रींसाठी मोडू नये, हे पाठ दुखणाऱ्या माणसाला वाटणारच. पाठ नीट नसली की आजी सकाळी नातवाबरोबर चालायलाही जाऊ शकत नाही. तुमचा पलंग शाबूत राहण्यात नातवंडांचाही फायदा आहे, हे यजमानांना सांगायला संकोच करू नका.

आता पत्रातल्या एका ओळीकडे येते. ती तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. बेल्ट असलेल्या सीटा चार. घरात सगळ्यांनी मिळून झोपायच्या जागा मोजल्या आणि बसायच्या जागा मोजायच्या राहिल्या. गाडीत सहा सोडून आठ बिछाने केलेत तरी ती रस्त्याला लागेल तेव्हा आत चौघंच बसणार. "पोरं मागे पलंगावर लोळतील, आपण सावकाश जाऊ" असं कुणी म्हणालं तर मात्र साफ नाही म्हणा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी कशावर आदळली, तर मोकळं बसलेलं मूल समोरच्या फळीवर ज्या वेगाने जातं तो जवळपास दहा मीटर उंचीवरून खाली पडण्याचा वेग आहे. पलंगावर उशा लावून तो कमी होत नाही. जास्तीचे बेल्ट लावून घेऊ म्हणाल, तर तेही घरच्या घरी जमणारं काम नाही. बाकाच्या प्लायवूडला स्क्रूने बसवलेला बेल्ट धक्क्यात बाकासकट उखडतो. बेल्टवरचा ताण थेट चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यापर्यंत, पोचवणारी पोलादी चौकट लागते आणि ती अधिकृत माणसाकडूनच करून, तपासून घ्यावी लागते.

म्हणजे मुलाची गाडी मागोमाग येणारच आहे. हे एकदा कबूल केलं की तुमचं कोडं सोपं होतं. दुसरी गाडी आली म्हणजे सामान न्यायला दुसरी डिकी आली, सायकली टांगायला दुसरी जागा आली, आणि रात्री सहाच्या सहा जणांनी एकाच पेटीत मावायला हवं ही अटही सैल झाली.

पण यजमानांचे तीनही उपाय नीट तपासू या. त्यांनी कष्ट घेतलेत, नुसतं नको म्हणून बाजूला सारणं बरं नाही. आणि याच पेचात अडकलेल्या आणखी बऱ्याच जणांची पत्रं माझ्यासमोर आहेत.

आधी वजन. ३५०० उणे ३०८० म्हणजे ४२० किलो हाताशी आहेत असं दिसतं. आता हे वजन कशात जातं ते पाहा. कागदावरच्या वजनात ७५ किलोंचा चालक आणि इंधन धरलेलं असतं, पण शेजारी बसणारं माणूस धरलेलं नसतं आणि पाण्याची टाकी बऱ्याचदा पूर्ण भरलेली धरत नाहीत. तुमचे ६५ किलो. टाकीतलं वाढीव पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. बाजूला उघडणारं कापडी छत ३० किलो. दुसरी बॅटरी २५. सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून ६५. भांडी, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, हत्यारं, कपडे, दोघांचं तीन आठवड्यांचं किडूकमिडूक धरून १०० किलो तर सहज. बेरीज ३६५. उरले ५५ किलो. मी अंदाजाने आकडे घातलेत, तुमचे थोडे इकडे-तिकडे होतील, पण नातवंडांपैकी एकही अजून गाडीत चढलेलं नाही. आमची गाडी पहिल्यांदा वजनकाट्यावर घातली तेव्हा मी पावती दोनदा वाचली होती. जवळजवळ दोनशे किलो हाताशी आहेत असं मी धरून चालले होते; प्रत्यक्षात चाळीसही नव्हते.

शिवाय एकूण वजन बसलं म्हणजे झालं असंही नाही. प्रत्येक एक्सलची, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीच्या दांड्याची, स्वतंत्र मर्यादा असते आणि ती दाराजवळच्या किंवा बॉनेटखालच्या पाटीवर कोरलेली असते. तुमच्या सायकली मागच्या एक्सलच्या दोन मीटर मागे लटकत असतील आणि दोन एक्सलमधलं अंतर चार मीटर असेल, तर त्या ६५ किलोंचा मागच्या एक्सलवर पडणारा भार ६५ नसतो, साडेसत्त्याण्णव किलो असतो. तरफेसारखं होतं ते. पुढचा एक्सल साडेबत्तीस किलोंनी हलका होतो आणि मागचा तेवढा जास्त दबतो. पुढची चाकं हलकी पडली की ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी होते. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी असेल तर हे चढावर लगेच जाणवतं.

आता पहिला उपाय, मागे वर-खाली बर्थ. तुमच्या मागच्या पलंगाखाली सामानाची मोठी डिकी असणार, त्यामुळे पलंगच जमिनीपासून ऐंशी-नव्वद सेंटिमीटर वर असणार. आतली उंची साधारण १९० ते १९५ धरली तर पलंगावर उरतं शंभर-एकशे दहा. त्याचे दोन मजले केले की गाद्या धरून प्रत्येकाच्या वाट्याला पन्नासही येत नाहीत. एवढ्यात आठ वर्षांचा मुलगा सरपटत जाऊन झोपेल, पण कुशीवर वळताना त्याचा खांदा वरच्या फळीला लागेल. तुम्हाला तर तिथे उठून बसताच येणार नाही. डिकी काढून खालून सुरुवात केली तर सामानाचं काय? हा उपाय दर सुट्टीत मुलं नेणाऱ्या कुटुंबाला शोभतो. तुम्हा दोघांच्या गाडीला नाही.

दुसरा उपाय छतातून उतरणारा पलंग. कारखान्यातून तसाच बांधून आला असेल तर ही फार सुखाची सोय आहे. दिवसा छताला चिकटलेला, रात्री बटण दाबलं की खाली. पण मागाहून बसवताना अडचण भिंतीत असते. बहुतेक मोटरहोमच्या भिंती एकसंध नसतात. बाहेरून अॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, आतून पातळ प्लाय, आणि मधे फोम. जिथे जड वस्तू टांगायची असते तिथे कारखान्यात आधीच लाकडाची किंवा धातूची पट्टी आत घातलेली असते. बाकी सगळीकडे स्क्रू फोममध्येच जातो. मी एकदा आमच्या गाडीत कोट टांगायला म्हणून एक खुंटी बसवली होती. दोन ओले कोट, दोन दिवसांचा खडबडीत रस्ता, आणि तिसऱ्या सकाळी खुंटी स्क्रूसकट खाली पडलेली. स्क्रूच्या आट्यांमध्ये पांढरे फोमचे कण तसेच अडकलेले होते. मी ते नखाने खरवडून काढले, आणि त्या भिंतीवर कुठलंही ओझं टांगायचं नाही असं तेव्हाच ठरवलं. तुमच्या बाबतीत कोटांऐवजी दोन जिवंत माणसं आहेत. जो कारागीर भिंतींवर भार न टाकता जमिनीपासून छतापर्यंत स्वतंत्र खांब उभे करून पलंग तोलेल, त्याच्याकडूनच असं काम करून घ्यावं. पण मग चौकट, यंत्रणा आणि गादी मिळून ५० ते १०० किलोंच्या मधे कुठेतरी वजन जातं. तुमच्याकडे ५५ उरलेत. शिवाय हे वजन उंचावर असतं, म्हणजे वळणावर गाडी जास्त झुलते.

तिसरा उपाय, टपावरचा तंबू. हा तुमच्या गाडीसाठी मी अजिबात सुचवणार नाही. टपही भिंतींसारखाच दोन पातळ पत्र्यांमधल्या फोमचा असतो. टपाच्या ताकदीचे दोन आकडे असतात: गाडी चालू असताना किती पेलेल आणि उभी असताना किती. तंबूचंच वजन ५० ते ८० किलो भरतं आणि ते धावत्या गाडीवर हिंदकळतं. तुमच्या गाडीच्या उत्पादकाने टपासाठी आकडा दिलाच नसेल, तर तो शून्य समजावा. आणि समजा पेललं, तरी टप जमिनीपासून जवळजवळ तीन मीटर उंच. रात्री दोन वाजता तीन वर्षांची मुलगी "आई, शू" म्हणाली की सूनबाईंनी तिला कडेवर घेऊन अंधारात शिडीने तीन मीटर उतरायचं. एवढं एक दृश्य डोळ्यांसमोर आणा.

(पत्र्याच्या व्हॅनची मोटरहोम केलेली असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे टप एकसंध धातूचा असतो. टप कापून वर उचलणारं छत बसवलं तर दोघांची उत्तम झोपायची जागा मिळते. पण कापलेल्या टपाच्या कडेने पोलादी चौकट घालावीच लागते, कारण टप हा त्या गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो. प्रमाणपत्र देणाऱ्याकडूनच हे काम करून घ्यावं.)

तर तीनही उपाय गाडीत कायमची भर घालणारे आहेत, आणि तुमची गरज वर्षातल्या एकवीस रात्रींची आहे. माझं मत स्पष्ट आहे: अशा वेळी जे लावता येतं आणि काढून घरी ठेवता येतं तेच घ्यावं. हा काही माझा शोध नाही. १९५१ साली वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी जी कॅम्पिंग बॉक्स काढली, ती मुळात उचलून बाहेर ठेवता येईल अशीच होती. आठवडाभर व्हॅन धंद्याच्या कामाला लागायची आणि सुट्टीला तीच झोपायची खोली व्हायची.

आता एका छताखालच्या गोष्टीकडे वळते, कारण खरा गुंता तिथे आहे असं मला वाटतं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात यजमानांना काय हवं ते आहे, मुलाला वडिलांचा उत्साह कसा आवडला ते आहे, नातवाला वर चढून झोपायचंय हेही आहे. सूनबाईंना काय हवं ते कुठेच नाही. ताई, तुम्ही त्यांना विचारलंत का? तीन आठवडे, सात मीटर लांबीच्या गाडीत, सासू-सासऱ्यांच्या पलंगापासून तीन मीटरवर, मधे फक्त एक पडदा. कितीही गोड नातं असलं तरी रात्री नवरा-बायकोला दोन शब्द हळू आवाजात बोलायचे असतात. लेकीला दटावायचं असतं, आणि ते आजीने ऐकू नये असंही वाटत असतं. मला शंका आहे की "आम्ही दोघं बाहेर तंबूत झोपतो, मुलं तुमच्याजवळ राहू देत" हे वाक्य त्यांच्या ओठांवर आहे आणि तुमच्याइतकाच संकोच त्यांनाही आडवा येतो आहे. तुम्हाला वाटतं बाहेर झोपा म्हटलं तर घराबाहेर काढल्यासारखं होईल. त्यांना वाटतं बाहेर झोपतो म्हटलं तर तुमच्यापासून पळ काढल्यासारखं होईल. कुणीतरी आधी बोलायला हवं.

त्या हो म्हणाल्या असं धरून मी तुमची मांडणी अशी करेन. मागचा पलंग तुमचा आणि यजमानांचा, त्याला हात लावायचा नाही. मधली बैठक रोज रात्री खाली घ्यायची आणि तिथे दोन्ही नातवंडं झोपतील. तो बिछाना दोन मोठ्या माणसांना अपुरा असला तरी दोन मुलांना ऐसपैस आहे, आणि जमिनीलगत असल्यामुळे धाकटी पडली तरी फार लागायचं नाही. तिला भिंतीच्या बाजूला घ्या, नातवाला कडेला. मुलगा आणि सून गाडीच्या दाराला लागून उभारायच्या तंबूत झोपतील. मोटरहोमसाठी अशा राहुट्या मिळतात; गाडी सोडून गेली तरी त्या आपल्या पायांवर उभ्या राहतात. आत झोपण्याची वेगळी खोली टांगता येते. मुलाच्या गाडीच्या डिकीत राहुटी, त्याच्या गाडीला सायकली. तुमच्या मागच्या एक्सलवरचे ते साडेसत्त्याण्णव किलो तिथल्या तिथे उतरतील.

सहा बिछाने झाले, आणि गाडीला एक भोकही पाडलं नाही.

बैठकीच्या बिछान्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मुलं रात्री रडून उठतात ती बहुधा त्याच्यामुळे. टेबल खाली घेतलं की बाकांच्या आणि पाठीच्या मिळून चार-पाच उश्या जोडाव्या लागतात. त्यांची जाडी सारखी नसते. काही दिवसभर बसून दबलेल्या असतात, पाठीच्या उश्यांना कंबरेला आधार द्यायला फुगवटा असतो. मधोमध फट पडते आणि पहाटेपर्यंत रुंद होत जाते. मूल त्या फटीत सरकतं. यावर एकच इलाज आहे: वरून एका तुकड्यातली पाच-सहा सेंटिमीटर जाडीची फोमची गादी अंथरायची, पूर्ण मापाची, गुंडाळून ठेवता येईल अशी. उश्यांच्या खाली, फळ्यांवर, रबरी चटईचा तुकडा टाकला की त्या सरकायच्या थांबतात. गादीला दिवसा उभी करून वारा द्या. झोपलेलं माणूस एका रात्रीत श्वासातून आणि घामातून पाव ते अर्धा लिटर ओलावा बाहेर टाकतं, आणि प्लायच्या फळीवर थेट टेकलेली गादी खालून ओली होते. हात घालून पाहिलंत की कळेल. आठवड्याभरात काळे ठिपके दिसायला लागतात.

आणि हो, मुलं साडेआठला झोपली की तुमची बैठक गेली. मोठ्यांनी बसायचं कुठे, हे आधीच ठरवा, नाहीतर चौघं अंधारात कुजबुजत उभे राहाल. राहुटीचा पुढचा भाग त्यासाठीच मोकळा ठेवा.

राहुटीत झोपण्याच्या दोन गोष्टी मात्र जिवाशी संबंधित आहेत. गाडीच्या हीटरचं आणि गॅसवरच्या फ्रिजचं धुराडं कोणत्या बाजूच्या भिंतीत उघडतं ते पाहा. ते राहुटीच्या बाजूला असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत जमा होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. राहुटी धुराड्यापासून लांब उभी करता येत नसेल तर कुणी आत झोपलेलं असताना ती उपकरणं गॅसवर चालवू नका, आणि इंजिनही सुरू ठेवू नका. दुसरं, कितीही पाऊस असो, शेगडी किंवा कोळशाची भट्टी राहुटीच्या आत आणायची नाही. विझत आलेले निखारेसुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म घ्या, एक गाडीत आणि एक राहुटीत, उशीच्या आसपासच्या उंचीवर. गाडीत धुराचाही एक हवा. आणि गाडीच्या जमिनीत, छतात जे कायमचे उघडे झरोके असतात ते थंडी वाजते म्हणून किंवा गादी आडवी आली म्हणून बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो खालच्या झरोक्यातूनच बाहेर पडतो. आत आता दोघांऐवजी चौघं श्वास घेणार आहेत, तेव्हा छताची खिडकी बोटभर उघडी ठेवायची सवय लावा.

एखाद्या रात्री वादळ असेल, किंवा फक्त गाड्यांना थांबायची परवानगी असलेल्या जागी मुक्काम पडेल, जिथे तंबू ठोकता येत नाही. त्या रात्रींसाठी पुढच्या दोन सीटांवर आडवा टांगायचा मुलांचा बर्थ पाहा. दोन नळ्या, मधे जाड कॅनव्हास, वजन थोडंसं, गुंडाळला की कोपऱ्यात मावतो. तो ठरावीक वजनापर्यंतच भार घेतो आणि लांबीला गाडीच्या पुढच्या भागाच्या रुंदीएवढाच असतो, म्हणून आठ वर्षांच्या मुलासाठी ठीक. वर चढून झोपायची त्याची हौसही भागेल. घेण्याआधी तो तुमच्या गाडीच्या मॉडेलला बसतो का आणि वजनाची मर्यादा किती हे लेखी पाहा. समोरच्या काचेला आतून उष्णतारोधक पडदा लावा, कारण ती काच रात्री गाडीतली सगळ्यात थंड जागा असते आणि पहाटे तिच्यावरून पाणी ओघळतं. त्या रात्री सून आणि नात बैठकीवर, नातू पुढे. मुलाने जवळपासच्या खोलीत झोपावं किंवा स्वतःच्या गाडीत सीट पाडून. एक-दोन रात्रींचा प्रश्न आहे, त्याला जमेल.

नातीला मात्र कुठल्याही वरच्या बर्थवर झोपवू नका, ती कितीही हट्ट करो. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी वरचा बर्थ नाही, हा नियम सगळीकडेच पाळण्यासारखा आहे. सहाच्या पुढच्या मुलांनाही गादीच्या वर निदान सोळा सेंटिमीटर उंचीचा कठडा हवा. नवी जाड गादी टाकली की कठडा आपोआप बुटका होतो, हे लोक विसरतात. कठड्यातल्या फटी साडेसात सेंटिमीटरांहून रुंद नकोत. त्याहून मोठ्या फटीतून मुलाचं अंग खाली सरकतं आणि डोकं अडकतं.

पाणी आणि संडास याबद्दल थोडक्यात. संडासाची टाकी बहुधा १७ ते २० लिटरची असते. तुम्हा दोघांना ती तीन दिवस जात असेल तर सहा जणांना जेमतेम एक दिवस. त्यामुळे मुक्कामाच्या जागा स्वच्छतागृह असलेल्या निवडा, आणि मोठ्यांनी ते वापरायचं असं ठरवा.

इतर वाचकांपैकी काहींना हे लागू पडणार नाही. ज्यांची मुलं-नातवंडं वर्षातून आठ-दहा वेळा सोबत असतात त्यांनी आहे त्या गाडीत भर घालण्यापेक्षा केबिनच्या वर पलंग असलेली, सहा बेल्टची, वजनाला मोकळी गाडी बदलून घेण्याचा विचार करावा. आणि ज्यांना एकदाच, दोन-तीन आठवड्यांसाठी सगळ्यांना एकत्र न्यायचं आहे, त्यांनी तशी गाडी भाड्याने घेऊन पाहावी. आपली गाडी घरी उभी राहिली म्हणून तिचा अपमान होत नाही. कुणी कायमचा बदल करणारच असेल, तर नोंदणीवर आणि विम्याच्या कागदावर तो चढवून घ्यावा. बिछाने वाढवले आणि कळवलं नाही, तर अपघातानंतर विम्याचा दावा तिथेच अडकू शकतो.

यजमानांना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रात तो प्रश्न दडलेला दिसला. "नको" या शब्दाने सुरुवात करू नका. त्यांना हातांनी काहीतरी करून नातवंडांना द्यायचं आहे, ते प्रेम आहे. म्हणा, "आधी गाडी काट्यावर घालू या." प्रवासाला निघताना भरता तशी पूर्ण भरा, टाकीत पाणी, सायकली मागे, तुम्ही दोघं आत. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. नंतर सायकली उतरवून पुन्हा एकदा. दोन्ही पावत्या पाटीवरच्या आकड्यांशी ताडून पाहायला त्यांच्याच हातात द्या. हिशेबी माणूस असेल तर पुढचं ते स्वतःच बोलतील. आणि त्यांच्या हातांना काम द्या: बैठकीच्या बिछान्याला कडेने काढता-घालता येणारी कापडी जाळी, राहुटीतून गाडीच्या पायरीपर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, नातवासाठी उशाशी टॉर्च आणि पुस्तक ठेवायचा कप्पा. कप्पा भिंतीला नको, बाकाच्या लाकडाला बसवायला सांगा.

मग सुट्टीच्या आधी एका शनिवार-रविवारी घरापासून अर्ध्या तासावर कुठेतरी सगळे मिळून दोन रात्री काढा. नात आईशिवाय झोपते का, हे तिथेच कळेल. नाही झोपली तर बैठकीवर आई आणि नात, राहुटीत बाप-लेक. पत्ते फिरवायला जागा आहे, कारण काहीच ठोकून पक्कं केलेलं नाही.

सूनबाईंना फोन मात्र काट्यावर जाण्याच्या आधी करा, आणि मुलामार्फत नको, स्वतः करा. तंबूचं नाव आधी तुम्ही काढू नका. "रात्री तुम्हा दोघांना कसं सोयीचं पडेल?" एवढंच विचारा आणि त्या बोलेपर्यंत थांबा.